इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर स्तनांवर व्हॅक्यूम उपकरण वापरायचे असल्यास

स्तनांत सिलिकॉनचे किंवा सलाइनचे इम्प्लांट बसवून घेतल्यावर, सूज ओसरून आकार स्थिरावला की काही स्त्रियांना तो अपेक्षेपेक्षा लहान वाटतो, काहींना दोन बाजूंत फरक जाणवतो, तर काहींच्या हाताला त्वचेखाली इम्प्लांटची कड किंवा सुरकुती लागते. आणि पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जाण्यापेक्षा बाहेरून लावायचे एखादे साधन वापरून पाहावे, असा विचार मनात येतो. प्लास्टिकचे दोन कप, त्यांना जोडलेली नळी आणि कपातली हवा ओढून घेणारा पंप, असे हे साधन ऑनलाइन सहज मिळते. त्यासोबतच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा इम्प्लांट नसलेला स्तनच गृहीत धरलेला असतो. इम्प्लांट असताना कोणत्या गोष्टी बदलतात, हे साधन कोणी मुळीच लावू नये, आणि सर्जनने परवानगी दिलीच तर ते कसे हाताळावे, हे या लेखात सांगितले आहे. माझे मत आधीच स्पष्ट केलेले बरे: केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांटवर व्हॅक्यूम लावणे बहुतेक स्त्रियांच्या फायद्याचे नाही. तरीही ते वापरणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि दाब किती ठेवावा हे कोणीच न सांगितल्यामुळे होणारी इजा टाळता येण्यासारखी आहे.

नेमके काय खेचले जाते

कपातली हवा कमी झाली की बाहेरच्या हवेचा दाब कपाला छातीवर दाबून धरतो आणि कपाच्या आतली त्वचा, चरबी आणि ग्रंथींची ऊती पुढे ओढली जाते. ऊतीवर सौम्य ताण दीर्घकाळ राहिला तर ती हळूहळू वाढते, हे तत्त्व प्लास्टिक सर्जरीत जुने आहे. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर त्वचेखाली फुगा बसवून, त्यात दर काही दिवसांनी सलाइन भरून त्वचा वाढवली जाते ती याच तत्त्वावर. तो ताण आतून न देता बाहेरून देण्याची पद्धत अमेरिकेतील मायामीचे सर्जन रॉजर खूरी यांनी विकसित केली आणि २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात १७ स्त्रिया सहभागी झाल्या होत्या. ब्रेसियरसारखे घालायचे ते उपकरण रोज १० ते १२ तास, असे १० आठवडे वापरायचे होते आणि त्यातील दाब होता फक्त २० मिलिमीटर पारा. पाच जणींना हे वेळापत्रक पाळणे जमले नाही आणि त्यांनी अभ्यास सोडला. उरलेल्या १२ जणींच्या स्तनांचा आकार वाढला, वापर थांबवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यातला काही भाग ओसरला, आणि टिकून राहिलेली वाढ सरासरी ५५ टक्के भरली. मूळ स्तन लहान असल्याने ही टक्केवारी मोठी दिसते, हेही ध्यानात घ्यावे.

या अभ्यासातून घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. परिणाम साधला तो सौम्य दाब आणि पुष्कळ तास यांच्या जोडीने. जोरात पंप मारून वीस मिनिटांत काही साधत नाही. दुसरे असे की ताणाला प्रतिसाद देऊन वाढली ती स्त्रीची स्वतःची ऊती. इम्प्लांट ही निर्जीव वस्तू आहे, ती वाढत नाही. इम्प्लांटवर उरलेला ऊतीचा थर अनेकींच्या बाबतीत पातळ असतो, आणि इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर ओढीचा बराचसा भाग त्वचा आणि स्नायू यांच्यामधल्या थरावरच खर्च होतो. म्हणजे वाढायला जे द्रव्य लागते तेच इथे थोडे आहे.

मग कप काढल्या काढल्या स्तन मोठा आणि टणक का दिसतो? ओढीमुळे रक्तवाहिन्यांतून ऊतीत पाझरलेल्या द्रवाची ती सूज असते. काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, ती उतरते. जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहताना दुसरे छायाचित्र कप काढल्यानंतर किती वेळाने घेतले आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचे एक तंतुमय आवरण तयार करते, त्याला कॅप्सूल म्हणतात. हे आवरण प्रत्येकीच्या शरीरात तयार होते आणि इम्प्लांट जागेवर राहते ते बऱ्याच अंशी त्याच्या आधाराने. आवरण आकसून घट्ट झाले की त्याला कॅप्सूल आकुंचन म्हणतात, आणि त्याच्या चार श्रेणी सर्जन सांगतात: पहिल्या श्रेणीत स्तन मऊ असतो, दुसरीत थोडा घट्ट पण दिसायला ठीक असतो, तिसरीत घट्टपणासोबत आकारही बिघडतो, आणि चौथीत तो कडक होऊन दुखू लागतो. व्हॅक्यूमने हे आवरण सैल होते, असा दावा काही विक्रेते करतात. तो स्वीकारू नये. इम्प्लांटभोवती रक्त किंवा द्रव साचणे हे आकुंचनाच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. जोराच्या ओढीने आत रक्तस्राव झाला तर मऊपणासाठी केलेला उपाय घट्टपणा वाढवणारा ठरेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीच्या आकुंचनावर आवरण कापून सैल करणे किंवा काढून टाकणे हा शस्त्रक्रियेचाच विषय आहे.

सुरकुती दिसणे किंवा कड हाताला लागणे, ही तक्रारही व्हॅक्यूमने सुटत नाही. तिचे मूळ वरच्या थराच्या पातळपणात असते, आणि तो थर आणखी ताणल्याने जाड होत नाही. अशा वेळी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून ती इम्प्लांटवरच्या थरात भरण्याचा पर्याय सर्जन सुचवतात. बाह्य व्हॅक्यूमचा वैद्यकीय उपयोगही मुख्यतः अशा चरबीरोपणाशीच जोडलेला आहे: चरबी भरण्यापूर्वी काही आठवडे सौम्य दाबाने ऊती सैल करून तिला जागा आणि रक्तपुरवठा मिळवून द्यायचा. इम्प्लांट काढून त्या जागी स्वतःची चरबी भरून घेणाऱ्या स्त्रियांमध्येही ही पूर्वतयारी केली जाते. मात्र तिथे दाब, तास आणि शस्त्रक्रियेची तारीख हे सगळे सर्जन ठरवतो.

कोणी वापरू नये

शस्त्रक्रियेला सहा महिने झाले नसतील तर हा विषयच बाजूला ठेवावा. सूज उतरून, स्नायू सैल होऊन इम्प्लांट आपल्या अंतिम जागी बसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि त्या काळात आवरणही पक्के होत असते. तेव्हा दिलेली ओढ इम्प्लांटला खाली, बाजूला किंवा छातीच्या मध्याकडे सरकवू शकते. थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटबाबत तर काळजी अधिक घ्यावी लागते. गोल इम्प्लांट आवरणाच्या आत फिरले तरी दिसण्यात फरक पडत नाही, पण थेंबाच्या आकाराचे फिरले तर स्तनाचा आकारच वेडावाकडा होतो. त्याच्या खरखरीत पृष्ठभागाला ऊती चिकटून राहावी, अशी ती रचना असते. ती पकड सैल करणारी कोणतीही गोष्ट, मग ते मालीश असो वा व्हॅक्यूम, टाळावी.

स्तनावर किंवा छातीवर किरणोपचार झालेले असतील तर हे उपकरण अजिबात वापरू नये. किरणोपचार घेतलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिला झालेली लहानशी जखमही महिनोन्महिने भरत नाही, आणि अशा जखमेतून इम्प्लांट उघडे पडले तर ते काढावे लागण्याची वेळ येते. पुनर्रचनेसाठी आत तात्पुरता फुगा बसवलेला असेल तेव्हाही नाही. गरोदरपणी आणि स्तनपान चालू असताना नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा रक्त गोठण्याचा विकार असेल तर नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, स्तनावर इसब किंवा बुरशीचा संसर्ग, कोणतीही न तपासलेली गाठ, स्तनाग्रातून येणारा स्राव, ताप, ही सगळीच न वापरण्याची कारणे आहेत. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीच्या त्वचेचा रक्तपुरवठा मुळात कमी असतो, म्हणून तिनेही दूर राहावे.

एका कारणाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण माहितीपत्रकांत ते आढळत नाही. इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांची स्तनाग्राची किंवा स्तनाच्या खालच्या भागाची संवेदना काही काळ, आणि काहींची कायमची, कमी होते. व्हॅक्यूम वापरताना ‘दुखले की थांबा’ ही सूचना सर्वत्र दिलेली असते. जिथे दुखणेच जाणवत नाही तिथे ती निरुपयोगी ठरते. डोळे मिटून कापसाच्या बोळ्याने स्तनाच्या चारही बाजूंना आणि स्तनाग्राला स्पर्श करून पाहावे. एखाद्या ठिकाणी स्पर्श कळत नसेल तर उपकरण लावू नये.

टाक्यांचे व्रण उंचावण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती आपल्याकडच्या त्वचेत बरीच आढळते. गहू वर्णाच्या आणि सावळ्या त्वचेवर वारंवार ओढ व घर्षण झाले की काळसर डाग उरतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. ज्यांच्या कानाच्या पाळीवर किंवा लसीच्या जागी केलॉइड झालेला आहे, त्यांनी हा मोह टाळावा.

पारलिंगी स्त्रियांमध्ये छातीचा पिंजरा रुंद आणि त्यावरची ऊती तुलनेने कमी, असे पुष्कळदा असते. हॉर्मोन घेऊन झालेली वाढ आणि इम्प्लांट यांच्यावर पुन्हा व्हॅक्यूम लावण्याचा विचार करताना, इम्प्लांटवरचा थर किती जाडीचा आहे हे सोनोग्राफीत मोजून घ्यावे आणि सर्जनसोबत हॉर्मोनचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही कल्पना द्यावी.

सर्जनकडे जाताना

शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले इम्प्लांट कार्ड आणि डिस्चार्जचे कागद शोधून काढावेत. त्यांत उत्पादकाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, आकारमान, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, इम्प्लांट स्नायूखाली की ग्रंथीखाली, आणि छेद कुठे घेतला ही माहिती असते. कार्ड हरवले असेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे नोंदीची प्रत मागावी. या माहितीवाचून ‘वापरू का?’ या प्रश्नाचे जबाबदार उत्तर कोणताही सर्जन देऊ शकत नाही.

पुढची पायरी तपासणीची. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट आतल्या आत फाटले तरी बाहेर काहीच जाणवत नाही, असे पुष्कळदा होते. सलाइनचे फाटले तर ते लवकर रिकामे होऊन स्तन बसतो आणि लगेच कळते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या स्त्रियांना, काहीही त्रास नसला तरी, शस्त्रक्रियेनंतर पाच ते सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन ते तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून घेण्याचा सल्ला दिला आहे. ही तपासणी राहून गेली असेल तर व्हॅक्यूमचा विचार करण्यापूर्वी ती करावी. फाटलेल्या इम्प्लांटवर ओढ देणे म्हणजे आवरणाच्या आत थांबलेल्या जेलला बाहेर पडायला वाट करून देण्याचा धोका पत्करणे आहे.

सर्जनला विचारताना संकोच वाटणे साहजिक आहे. शस्त्रक्रियेवर आपण नाखूश आहोत असे त्यांना वाटेल, ही भीतीही असते. तरी ‘मला आकार आणखी हवा आहे, मी व्हॅक्यूमचा विचार करत आहे’ असे थेट सांगावे. कारण सांगितले की पुष्कळदा निराळाच मार्ग पुढे येतो: इम्प्लांट बदलणे, चरबी भरणे, एका बाजूची उंची जुळवणे, किंवा वर्षभर थांबणे. सर्जनने परवानगी दिली तर कमाल दाब, रोजचा वेळ, किती आठवडे आणि पुढच्या तपासणीची तारीख या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. पुढे दिलेले आकडे त्या कागदापेक्षा मोठे मानू नयेत.

उपकरण निवडताना

भारतात १९५४ सालचा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या अवस्थांवरच्या उपायांची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे त्यांच्या यादीत ‘स्त्रीच्या वक्षाचा आकार आणि रचना’ ही नोंद आहे. आणि शरीराच्या रचनेवर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही त्या कायद्यातल्या ‘औषध’ या व्याख्येत बसते. म्हणून ‘तीस दिवसांत दोन साईज’ अशी हमी छापणारा विक्रेता आरोग्याबाबत तर बेफिकीर असतोच, कायद्याबाबतही असतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येणाऱ्या साधनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना अथवा नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘ब्युटी मसाजर’ म्हणून विकली जाणारी कित्येक उपकरणे हा तपशील देतच नाहीत. सोबत मोफत मिळणारे तेल किंवा क्रीम इम्प्लांटच्या व्रणावर लावू नये.

दाबमापक नसलेले उपकरण घेऊ नये. ही अट सोडायची नाही, कारण हाताच्या पंपाच्या किंवा ब्युटी पार्लरच्या यंत्राच्या दाबाचा अंदाज नजरेने येत नाही. मापकावरचे एकक नीट पाहावे, गोंधळ इथेच होतो. रक्तदाब आपण ज्या एककात मोजतो ते मिलिमीटर पारा. काही मापकांवर इंच पारा असते आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. काहींवर किलोपास्कल असते आणि एक किलोपास्कल म्हणजे साडेसात मिलिमीटर. खूरी यांच्या अभ्यासातला २० मिलिमीटरचा दाब इंचांत मोजला तर पाऊण इंचाच्या किंचित वर, आणि किलोपास्कलमध्ये पावणेतीनच्या किंचित खाली येतो. शून्य ते तीस इंच अशी पट्टी असलेल्या मापकावर काटा जेमतेम पाचवर गेला तर तो कमी वाटतो, प्रत्यक्षात तो १२७ मिलिमीटर असतो, सहापटीहून अधिक. त्वचेच्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण १५ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, हे ध्यानात घेतले की इतक्या ओढीने त्या का फुटतात ते उमगते.

दाबाचा दुसरा परिणाम कपाच्या कडेखाली होतो आणि तो फारसा कोणी मोजत नाही. कपाच्या तोंडाचा व्यास १४ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर भरते, आणि २० मिलिमीटरच्या दाबाला कड छातीवर साधारण चार किलो वजनाइतकी दाबली जाते. १२७ मिलिमीटरला हेच बळ २६ किलोच्या आसपास जाते. आता हे बळ कुठे पडते ते पाहावे. स्तनाखालच्या घडीत छेद घेऊन इम्प्लांट बसवलेले असेल, आणि अशी शस्त्रक्रिया फार प्रचलित आहे, तर कपाची खालची कड नेमकी त्या व्रणावर बसते. इम्प्लांटला खालून आधार देणारी घडी तीच. ती सैल झाली की इम्प्लांट खाली घसरते आणि स्तनाग्र वर पाहू लागते. छेद काखेत असेल तर कड व्रणापासून दूर राहते. स्तनमंडलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, कडेने असेल तर व्रण कपाच्या आत येतो आणि ओढीखाली सापडतो.

म्हणून कप निवडताना कड इम्प्लांटच्या घेरापासून सर्व बाजूंनी बाहेर, सपाट छातीवर बसेल असाच घ्यावा. स्तनाचा पायथा सरळ बसून, ब्रेसियर न घालता, आडवा आणि उभा मोजावा. इम्प्लांटवर चढणारा लहान कप कधीही वापरू नये, कारण तो इम्प्लांटचा एक भाग ओढतो आणि बाकीचा दाबून ठेवतो. कड रुंद आणि मऊ सिलिकॉनची असावी. खालच्या घडीवरचा व्रण टाळून कड बसतच नसेल तर त्या शरीरासाठी ते उपकरण योग्य नाही असे समजून परत करावे.

प्रत्यक्ष वापर

सर्जनची परवानगी, तपासणीचा अहवाल आणि योग्य मापाचा कप या तिन्ही गोष्टी हाताशी असतील तरच पुढे जावे. सुरुवात करण्यापूर्वी पायाभूत नोंद घ्यावी: मासिक पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी, टेपने घेर मोजावा आणि एकाच जागी, एकाच प्रकाशात समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. पाळीआधीच्या दिवसांत स्तन आपोआप जड होतात, त्यामुळे चुकीच्या आठवड्यात घेतलेले माप नसलेली वाढ दाखवते.

कप कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. त्वचेवर पावडर, अत्तर किंवा तेल असू नये. तेलावर कड सरकते आणि त्वचेला घासते. गरज वाटली तर कडेला पाण्यात विरघळणाऱ्या जेलचा पातळ थर लावावा. पाठ टेकून आरामात बसावे. पडून, विशेषतः कुशीवर पडून, किंवा झोपेत हे उपकरण वापरू नये. खूरी यांच्या अभ्यासातील तासांचे अनुकरणही करू नये. ते उपकरण दाब आपोआप राखणारे होते आणि त्या स्त्रिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत्या. वेदनाशामक गोळी किंवा मद्य घेतलेल्या दिवशी उपकरण हाती घेऊ नये.

पहिल्या दिवशी एकाच स्तनावर, १० मिलिमीटरच्या आसपासच्या दाबाने, दहा मिनिटे लावून पाहावे. कप नुसता चिकटून राहील इतकीच ही ओढ असते आणि तेवढीच पुरे. दर दोन-तीन मिनिटांनी पारदर्शक कपातून त्वचेचा रंग पाहावा, स्तनाग्राचा विशेष. वेळ संपल्यावर आधी झडप उघडून हवा आत येऊ द्यावी आणि मगच कप उचलावा. चिकटलेला कप ओढून काढल्याने त्वचा सोलते आणि इम्प्लांटला झटका बसतो. कप काढल्यावर बोटाने त्वचा दाबून सोडावी. दाबलेली जागा दोन-तीन सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. सावळ्या त्वचेवर हा बदल दिसणे अवघड जाते, म्हणून दुसऱ्या, कप न लावलेल्या स्तनाशी तुलना करावी आणि हाताच्या मागच्या बाजूने दोन्हींची ऊब पाहावी. थंड लागणारी त्वचा हा स्पष्ट इशारा आहे.

त्यानंतर दोन दिवस काहीही न करता थांबावे. सूज पूर्ण उतरली, डाग नाहीत, इम्प्लांटची जागा बदललेली नाही, दुखत नाही, एवढे पाहूनच दुसऱ्या बाजूवर तीच चाचणी घ्यावी. पुढे वेळ वाढवायचा असेल तर आधी मिनिटे वाढवावीत, दाब नव्हे, आणि तीही सर्जनने लिहून दिलेल्या मर्यादेत. दाब २० मिलिमीटरच्या वर कोणत्याही कारणाने नेऊ नये. सुई टोचल्यासारखे लाल-जांभळे ठिपके दिसले तर केशवाहिन्या फुटल्या आहेत असे समजावे आणि ते पूर्ण जाईपर्यंत उपकरण बाजूला ठेवावे. दुसऱ्यांदा आले तर वापर बंदच करावा. पाण्याचा फोड आला तर तो फोडू नये, स्वच्छ कोरड्या पट्टीने झाकून डॉक्टरांना दाखवावा. इम्प्लांटवरच्या त्वचेतला संसर्ग हा साधा त्वचेचा संसर्ग म्हणून घरी सांभाळण्याचा विषय नाही, कारण तो इम्प्लांटपर्यंत पोहोचला तर प्रतिजैविके त्याला सहसा पुरी पडत नाहीत.

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी ठरलेली असेल तर त्याच्या काही दिवस आधी वापर थांबवावा, म्हणजे ओढीची सूज अहवालात गोंधळ घालणार नाही. मॅमोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचे आधी सांगावे. इम्प्लांट मागे सारून ऊतीची वेगळी चित्रे घेण्याची पद्धत आहे आणि ती वापरली जाणे आवश्यक असते.

परिणाम मोजायचा तो शेवटच्या वापरानंतर किमान एक आठवडा उलटल्यावर, पाळीच्या त्याच टप्प्यावर, त्याच टेपने. सर्जनने दिलेल्या मुदतीअखेर या मापात फरक नसेल तर तो पुढेही पडणार नाही, असे धरून चालावे. इथे ‘आणखी थोडा दाब वाढवून पाहू’ हा विचार सर्वांत जास्त नुकसान करतो.

तत्काळ डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

एकच स्तन अचानक सुजणे किंवा टणक होणे, इम्प्लांट वर, खाली वा बाजूला सरकलेले दिसणे, दोन स्तनांच्या मधली जागा नाहीशी होणे, स्तन बसणे, तापासह लाली येणे, स्तनाग्र पांढरे, निळसर किंवा काळसर पडून ते कप काढल्यावरही न निवळणे, व्रणातून पाणी येणे, काखेत किंवा स्तनात नवी गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळले तर वापर त्याच क्षणी थांबवावा आणि त्याच दिवशी सर्जनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दाखवावे. इम्प्लांट कार्ड आणि वापराची नोंदवही सोबत न्यावी. लाजेपोटी उपकरणाचा उल्लेख टाळू नये, कारण त्यावाचून डॉक्टर सुजेचे कारण भलतीकडे शोधत राहतील.

याला एक उलटी बाजूही आहे. शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाहून अधिक काळाने इम्प्लांटभोवती द्रव साचून स्तन सुजला, तर ‘व्हॅक्यूममुळे झाले असेल’ असे म्हणून वाट पाहणेही धोक्याचे आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लसिकापेशींचा कर्करोग अशाच उशिरा आलेल्या सुजेने प्रकट होतो, बहुधा शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा वर्षांनी. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेवरून ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट बाजारातून परत मागवली. अशा सुजेतला द्रव सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने काढून तो पेशीतपासणीला आणि सीडी३० (या कर्करोगाच्या पेशींवर आढळणारे प्रथिन) या चाचणीला पाठवला जातो. द्रव काढून फेकून देण्यापूर्वी ही चाचणी सांगितली आहे ना, हे रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने विचारून घ्यावे.